नवं युनिट आणि मामाजींचा हात

आमच्या घरी नवं युनिट आलं की पहिले काही दिवस ते माझ्या ताब्यात असायचं. युनिट म्हणजे भोंग्याच्या बुडाशी आट्यांवर फिरवून बसवतात तो जड लोखंडी डबा. आवाज तोच काढतो, भोंगा तो नुसता लांब फेकतो. पण लोकांना दिसतो भोंगा, म्हणून कौतुक भोंग्याचं होतं. संसारातही असंच असतं, पण ते जाऊ द्या.

माझ्या नवऱ्याचा लाऊडस्पीकरचा सेट होता. मशीन, माईक, एक भोंगा आणि मोटारीची बॅटरी, एवढाच पसारा. मेडशीपासून आत आमचं गाव, तेव्हा अकोला जिल्ह्यात. गावात वीज नव्हती. लग्न, बारसं, जयंती, कुणाच्या घरी परित्राणपाठ, काही असलं की हे सगळं बैलगाडीत नाहीतर एसटीच्या टपावर चढवून हे निघायचे. बॅटरी आडवी होऊ नये म्हणून तिला लेकरासारखं मांडीशी धरून बसायचे. मला कधी एवढं जपलं नाही, असं मी बोलून दाखवायचे, आणि ते हसून विषय बदलायचे.

युनिटच्या आत पातळ पडदा असतो, त्याला चिकटलेलं बारीक तारेचं वेटोळं. नवं असताना पडद्याची कड ताठ असते. पहिल्याच दिवशी लग्नात नेऊन जोरात वाजवलं तर पडदा फाटतो किंवा तार घासून जळते. म्हणून आधी ते घरी हळू आवाजात वाजवायचं, मग रोज थोडं थोडं वाढवायचं. मी याला मुरवणं म्हणायचे. लोणचं मुरवतात तसंच हे, घाई केली की बिघडतं. हे त्या शब्दाला हसले, पण नंतर स्वतःच गावभर सांगू लागले, "युनिट मुरून राह्यलं, दोन दिस थांबा."

मुरवण्याची आमच्या घरची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी नव्या युनिटातून पहिले शब्द जायचे ते त्रिशरणाचे. ते मी म्हणायचे, अगदी हळू, चुलीपुढच्या आवाजात. नंतर दिवसभर रेडिओ जोडून ठेवायचा. आणि शेवटच्या दिवशी परीक्षा. मी अंगणात माईक घेऊन पेपरातल्या चार ओळी वाचायच्या, आणि मामाजींनी शेताच्या टोकाला विहिरीच्या मातीवर उभं राहून त्या ऐकायच्या. मामाजी म्हणजे माझे सासरे. त्यांना अक्षर येत नव्हतं. ते हळूहळू चालत परत यायचे आणि मी काय वाचलं ते मला सांगायचे. बरोबर सांगितलं की युनिट पास. चुकलं की अजून मुरवायचं.

हेच काम ते कार्यक्रमातही करायचे. सभा कुठलीही असो, मामाजी गर्दीच्या पार शेवटी जाऊन उभे राहायचे. शब्द नीट पोचला की हात वर करायचे. मशीन मंडपाच्या मागे, भोंग्याच्या पाठीशी असायचं, तिथं बसलेल्याला समोर काय ऐकू जातं ते कळत नाही. हे आवाजाचं बटण फिरवत, मान लांब करून मामाजींकडे पाहायचे आणि त्यांचा हात वर दिसला की बटण सोडायचे.

मामाजींचा आवाज तरुणपणी पहाडी होता म्हणे. गावकीचं काम जन्मानेच गळ्यात आलेलं, म्हणून गावभर दवंडी देत फिरायचे. दीक्षा घेतली त्या वर्षी ते काम सोडलं. ते सांगायचे, "दुसऱ्याचा निरोप लय ओरडलो, माय. पण गावात कोनी चांगलं बोलाले आलं तं आमाले पार तिकडं, उकिरड्यापाशी बसवत. नुसतं भुणभुण आयकू ये. हसले लोकं की आमी बी हसाव." म्हणून त्यांचा एक हट्ट होता, शेवटच्या माणसाला आधी ऐकू आलं पाहिजे. पुढच्यांचं काय, ते तोंड पाहूनही समजून घेतात.

आमचं तेव्हाचं युनिट मीच मुरवलेलं, पण आता फार जुनं झालेलं. त्याचा आवाज जाड, घोगरा. जवळ ठीक वाटायचा, पण थोडं लांब गेलं की शब्द एकमेकांत कालवले जायचे. वरण कुठलं आणि भात कुठला ते कळू नये तसे. लोक चालवून घ्यायचे, कारण दुसरा सेट नव्हता. मग तालुक्याच्या गावी एकाने नवा सेट आणला. त्याच्या भोंग्यातून एकेक अक्षर सुटं यायचं. मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर आम्ही दर वर्षी लग्नाला जायचो, त्यांनी त्याला बोलावलं. मग आमच्याच वस्तीतली पोरं येऊन ह्यांना म्हणाली, "भाऊ, औंदा जयंतीले पाहुणे अकोल्याहून येऊन राह्यले. आवाज साफ पायजे. नाई तं आमी तिकडून सेट आणतो."

आपल्याच वस्तीच्या जयंतीला दुसऱ्याचा भोंगा! मी त्या रात्री जेवले नाही. सकाळी उठून ह्यांच्या मागे लागले ती लागलेच. "नवं युनिट आणा. आजच जा. जुन्याचं काय घेऊन बसले?" हे म्हणाले, आवाज आहे की चांगला. मी म्हणाले, चांगला तर तुमचाही आहे, म्हणून काय तुम्ही भाषण करता? माझ्या जिभेला तेव्हा हाड नव्हतं. आताही फारसं नाही.

तर हे अकोल्याला गेले आणि नवं युनिट घेऊन आले. जुनं परत आणून देण्याच्या बोलीवर दुकानदाराने ते दिलं होतं. मला इतका आनंद झाला की मी ते पदराने पुसलं. मामाजी बाजेवर बसून पाहत होते. म्हणाले, "कानामागून आली अन् तिखट झाली, असं नको होऊ देजो म्हणा तिले." मी म्हणाले, "तिखटच पायजे, मामाजी. फिकं लय दिवस खाल्लं."

मुरवायला लागले आणि पहिल्याच दिवशी फरक कळला. रेडिओवरची बाई जणू आमच्या ओट्यावर बसून बोलत होती. तिचं "स" वेगळं, "श" वेगळं. शेजारणी येऊन ऐकून गेल्या. मी रोज आवाज थोडा वाढवत होते आणि मनात म्हणत होते, आता येऊ द्या त्या तालुक्यावाल्याला.

परीक्षेच्या दिवशी उन्हं उतरल्यावर मामाजी विहिरीकडे गेले. कपाशी उपटून झाली होती, तुराट्या बांधावर रचलेल्या. रान मोकळं होतं, मधे काही आडवं नव्हतं. मी वाचलं ते आमच्या रस्त्यावर एसटीची गाडी वाढवणार, त्याबद्दल होतं. मामाजी नेहमीसारखे सावकाश आले. अंगणात उभे राहून म्हणाले, "धरणाचं वाचलं. पाणी सोडून राह्यले म्हणे."

"नाई मामाजी, चुकलं," मी ताडकन म्हणाले. "एसटीचं होतं."

खरं तेच बोलले. यात माझं चुकलं काय, असं मी स्वतःला कितीदा विचारलं असेल. युनिट पास की नापास एवढंच ठरवायचं होतं, आणि मी ठरवलं. पण त्यांचा चेहरा त्या क्षणी कसा उतरला ते मी पाहिलं. हे मशीनवरून उठलेही नाहीत. म्हणाले, "कच्चं हाय अजून. मुरू द्या."

आम्ही आणखी मुरवलं. आम्हा तिघांनाही कानावर शंका आली नाही, यावर आता कुणाचा विश्वास बसणार नाही. मामाजींचा कान म्हणजे आमच्या घरचं माप. माप खोटं असू शकतं हे डोक्यातच आलं नाही. युनिट कच्चं आहे म्हणून मी आवाज वाढवत गेले, इतका की शेजारचं वासरू दावं तोडून पळालं. परत परीक्षा झाली. या वेळी मी वाचलं ते लसीकरणाबद्दल. मामाजी आले आणि म्हणाले, "तूच सांग, माय. नाई समजलं."

हे उठले, स्वतः विहिरीवर गेले, आणि मला खूण केली. मी वाचलं. हे परत आले ते खाली मान घालून. सगळं अक्षर न् अक्षर त्यांना ऐकू आलं होतं. त्यांनी नवं युनिट फिरवून काढलं, जुनं लावलं आणि मामाजींना म्हणाले, "बाबा, एक डाव अजून जा."

मामाजी गेले. मी वाचलं. नव्याची सवय झालेल्या माझ्या कानाला त्या घोगऱ्या, कालवलेल्या आवाजात माझेच शब्द समजत नव्हते. मामाजी आले आणि ओळी जशाच्या तशा सांगितल्या, एकही शब्द न गाळता. सांगताना त्यांना आनंद झाला होता. आमची तोंडं पाहून तो मावळला.

त्यांच्या कानात बारीक, धारदार आवाज शिरेनासा झाला होता आणि जाडा आवाज अजून शिरत होता. केव्हापासून, कुणास ठाऊक. जुन्या युनिटाने ते झाकून ठेवलं होतं. मी नवं आणायला लावलं आणि उघडं पडलं. परीक्षा युनिटची होती आणि नापास मामाजी झाले. मी म्हणाले, "जुनंच राहू द्या. वापस देऊन या नवं." ज्या बाईने आठवडाभर डोकं खाल्लं होतं तीच हे बोलत होती.

मामाजी बाजेवर बसले. म्हणाले, "जुनं लावलं तं मले आयकू येते. नवं लावलं तं सगळ्याइले आयकू येते. मंग नवंच लावा." आणि पाणी मागितलं.

जुनं युनिट दुसऱ्या दिवशी अकोल्याला गेलं. पिशवीत ते मीच ठेवलं. दोन्ही का ठेवत नाही, असं मी विचारून पाहिलं. हे म्हणाले, बोली झाली आहे, आणि भोंगा एकच, त्याला बूड एकच. त्यांचंही खरं होतं. त्या दिवसांत सगळेच खरं बोलत होते आणि मला कुणावर चिडायला जागा नव्हती.

हे मग म्हणाले की शेवटी उभं राहायला आता दुसरं कुणीतरी पाहू. मामाजींनी खांद्यावरचा रुमाल काढून खुंटीला अडकवला. कार्यक्रमाला निघताना तोच रुमाल ते डोक्याला बांधायचे. मला ते बघवेना. संध्याकाळी हे बाहेर गेल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन मोठ्याने म्हणाले, "मामाजी, तुमीच उभं राहा. मी बायांत मधोमध बसीन. मले नीट आयकू आलं की मी हात वर करीन. तुमी मले पाहून करा. कोनाले काय कळते?"

त्यांनी थोडा विचार केला. मग हसले. "म्हणजे पेपर तू देशीन, अन् पास मी होईन."

"तुमी आमाले लय डाव पास केलं," मी म्हणाले.

ह्यांना आम्ही सांगितलं नाही, पण त्यांना कळलं असणार. कळून त्यांनी डोळेझाक केली. मेडशीच्या एका लग्नात आमचं जमलं. एका बारशात जमलं. मामाजी तर रंगात आले. मी हात वर केला की ते लगेच करत नसत. मान तिरपी करून ऐकल्यासारखं करायचे, थोडं थांबायचे, मग ऐटीत हात वर. मी पदर तोंडाला लावून हसायचे. मला वाटलं, झालं, फिटलं. इतकं सोपं असतं असं मी समजत होते.

जयंतीला वस्तीमधलं मोकळं अंगण भरून माणसं आली. आमची वस्ती, आजूबाजूच्या गावांची माणसं, गाड्या, बैल, निळे झेंडे. पाहुणे अकोल्याहून आले होते. मी बायांच्या मधोमध बसले. मामाजी पार शेवटी, बाभळीपाशी, धुवट धोतर आणि डोक्याला रुमाल. सुरुवातीला माईकवर आमची पोरं बोलली. आवाज लख्ख. मी हात वर केला, त्यांनी केला. ह्यांनी बटण सोडलं. तालुक्यावाल्याचं नाव कुणाच्या तोंडात उरलं नाही.

मग पाहुणे उठले. ते दोनतीन वाक्यं बोलले असतील आणि आवाज गेला. गर्दीत कुणाचा तरी पाय वायरीवर पडून ती बॅटरीवरून सुटली होती, हे नंतर कळलं. पाहुण्यांचे ओठ हलत होते आणि भोंगा मुका. लोक चुळबुळले. हे मशीनमागून मान वर करून मामाजींकडे पाहू लागले.

नेमक्या त्याच वेळी रस्त्याच्या बाजूने किन्हीराजाची, माझ्या माहेराकडची गाडी आली आणि तिच्यातून माझी आई उतरली.

आई येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. भावाचं आणि ह्यांचं काहीतरी बिनसलं होतं आणि माहेरचं माणूस वर्षभर आमच्या दारात आलं नव्हतं. ती उतरून बावरल्यासारखी इकडेतिकडे पाहत होती, मला शोधत होती. माझा हात आपोआप वर गेला. असा वर गेला की मी अर्धी उठलेच.

मामाजींनी तो पाहिला आणि त्यांचा हात वर गेला.

"आवाज नाई! आवाज नाई!" पोरं ओरडत होती. आणि बाभळीपाशी मामाजी हात उंच करून, मान डोलावून, "छान, छान" अशी खूण करत उभे. आधी जवळची दोनचार पोरं हसली. मग लोक वळून पाहू लागले. पाहता पाहता सगळं अंगण मागे वळलं आणि हसू लागलं. मामाजींना वाटलं, आवाज फार चांगला झाला म्हणून सगळे आपल्याकडे पाहताहेत. त्यांनी हात आणखी उंच केला. तेही हसू लागले.

मी हात खाली घेतला होता. पण ते आता माझ्याकडे पाहतच नव्हते.

मी उठले. बायांच्या पायांवर पाय देत, पदर कसाबसा डोक्यावर धरत, सगळ्यांच्या देखत शेवटपर्यंत चालत गेले. सुनेनं चारचौघांत सासऱ्याला हात लावायची रीत नव्हती. मी त्यांचा हात धरला आणि खाली आणला.

त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग भोंग्याकडे.

"बंद हाय?"

मी हो म्हणून मान हलवली. त्यांचा हात माझ्या हातात तसाच होता. तेवढ्यात वायर जोडली गेली आणि भोंगा परत बोलू लागला. लोक पुढे वळले. मामाजींना त्यातलं काही कळलं नाही, लोक वळले एवढंच दिसलं.

"तू कायले वर केला होता मंग?" त्यांनी विचारलं. रागाने नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना.

"माही आई आली," मी म्हणाले. मला रडू फुटलं.

"कुठं हाय?" ते टाचा उंचावून गर्दीत शोधू लागले. मी दाखवली. "मंग इथं काहून उभी? म्हातारी एकटी हाय तिकडं. जाय."

मी गेले. आईच्या गळ्यात पडले. तिने मला रडताना पाहिलं आणि आनंदाचं रडू समजली. मी वळून पाहिलं तेव्हा मामाजी बाभळीपाशीच होते, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून.

आई दोन दिवस राहिली. निघताना ती मामाजींच्या पाया पडायला गेली तर ते उठून उभे राहिले, रुमाल नीट केला आणि म्हणाले, "तुमी आल्या तं सगळ्याइच्या आदी मीच हात वर केला. तुमाले दिसलो का नाई?" आईला खरंच दिसले होते. गाडीतून उतरल्या उतरल्या तिला लांब बाभळीपाशी हात वर करून हसणारा एक म्हातारा दिसला होता, आणि तिला वाटलं होतं, व्याही आपलंच स्वागत करताहेत. लोक का हसत होते ते तिने कुणाला विचारलं नव्हतं.

तिने किन्हीराजाला जाऊन ते घरोघर सांगितलं. भरल्या सभेत व्याह्यांनी कसा मान दिला, सगळी माणसं कशी वळून तिच्याकडे पाहायला लागली. भावाचा रुसवा त्यावरच निघाला, येणंजाणं सुरू झालं. पुढे मी माहेरी गेले की आई बाया गोळा करून तेच सांगायची आणि शेवटी माझ्याकडे वळून विचारायची, "खोटं सांगतो का वं मी?"

"नाई," मी म्हणायचे, आणि काहीतरी काम काढून आत जायचे.